ओळखीची पात्रे, अनोळखी लेखक



एखादी कादंबरी वाचून संपते, पण तिच्यातली माणसे मनातून जात नाहीत. धाकट्या भावाचे पुढे काय झाले असेल, नायिकेने त्या रात्री दार उघडले असते तर काय घडले असते, असे प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात घोळतात. बहुतेक जण ते तेथेच सोडून कामाला लागतात. काही थोडे मात्र कागद घेऊन बसतात आणि उत्तर स्वतःच लिहून काढतात. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घेऊन, केवळ त्या पात्रांच्या लोभापायी, पैशाची अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या अशा कथांना इंग्रजीत ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. आपण सोयीसाठी त्यांना ‘चाहत्यांच्या कथा’ म्हणू.

हे लोक का लिहितात, ह्याविषयी पुष्कळ बोलले जाते. आज मला बोलायचे आहे ते वाचणाऱ्यांविषयी. कारण लिहिणाऱ्यांच्या उत्साहाने कथांचा ढीग एवढा वाढला आहे की त्यातून काय उचलावे आणि काय बाजूस सारावे, हेच एक शास्त्र होऊन बसले आहे. आणि तुमच्या गावातली, तुमच्या वर्गातली मुलेमुली मोबाईलवर काय वाचत बसतात असे तुम्हांला वाटत असेल, तर त्यातील काहींच्या बाबतीत उत्तर हेच आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा अवघड नव्हता. अमेरिकेत 1966 साली ‘स्टार ट्रेक’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. अंतराळातल्या जहाजाची कथा. तिच्या चाहत्यांनी 1967 साली ‘स्पॉकनेलिया’ नावाचे घरगुती नियतकालिक काढले. मालिकेतल्या स्पॉक ह्या पात्रावरून त्याचे नाव ठेवलेले. अशी नियतकालिके मग अनेक निघाली. आपल्या शाळेच्या कचेरीत प्रश्नपत्रिका काढायला जे सायक्लोस्टाईल यंत्र असे, तशाच यंत्रावर काढायची आणि टपालाने पाठवायची. वाचकाला पैसे पाठवावे लागत आणि वाट पाहावी लागे. मुख्य म्हणजे मध्ये एक संपादक असे. भिकार कथा पुष्कळशा त्याच्याच टेबलावर अडत. वाचकाची निम्मी निवड दुसऱ्याने आधीच केलेली असे.

इंटरनेट आले आणि हा मधला माणूस नाहीसा झाला. 1998 साली ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे मोठे संकेतस्थळ निघाले. मग हॅरी पॉटरच्या पुस्तकमालेतला चौथा भाग जुलै 2000 मध्ये आणि पाचवा थेट जून 2003 मध्ये आला. मधली तीन वर्षे जगभरची पोरे तहानलेली होती. मूळ लेखिका लिहीत नाही ना, मग आम्हीच लिहितो, असे म्हणून कित्येकांनी लेखणी उचलली. पुढे चाहत्यांनीच स्थापन केलेल्या एका ना-नफा संस्थेने नोव्हेंबर 2009 मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथांचे भांडार सर्वांना खुले केले. तेथे जाहिरात नाही, वर्गणी नाही. 2019 साली विज्ञानकथांच्या क्षेत्रातील मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार ह्या भांडाराला मिळाला. आज तेथील कृतींची संख्या एक कोटीच्या वर आहे.

एक कोटी! आपल्या तालुक्याच्या वाचनालयात पाचदहा हजार पुस्तके असली तरी आपण कपाटापुढे गोंधळून उभे राहतो. आणि वाचनालयात निदान लेखकाचे नाव ओळखीचे असते, मुखपृष्ठ असते, ग्रंथपाल असतो. येथे लेखकाने टोपणनाव घेतलेले, मुखपृष्ठ सहसा नाही, परीक्षण छापणारे वर्तमानपत्र नाही. किंमतही नाही, म्हणजे पैसे मोजताना माणूस जो दोनदा विचार करतो तोही येथे होत नाही. मग वाचक निवडतो तरी कसे?

पहिली चाळणी सोपी. कोणते जग आणि कोणती माणसे? शेरलॉक होम्स हवा असेल तर होम्सच्या दालनात जायचे. पण तेथेही प्रश्न संपत नाही. होम्स आणि वॉटसन ह्यांची मैत्री हवी की प्रेमकथा? त्यासाठी एक गमतीची खूण रूढ आहे. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली तर ती प्रेमाची कथा, आणि इंग्रजी ‘आणि’चे चिन्ह असले तर ती मैत्रीची वा नात्याची. दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथांना ‘स्लॅश’ हे नाव ह्या तिरक्या रेघेवरूनच पडले. नवखा वाचक एवढ्याशा चिन्हाकडे पाहत नाही आणि भलत्याच गाडीत बसतो.

गाडीवरून आठवले. एस.टी.च्या कपाळावर पाटी असते, कोठे जाणार आणि कोणत्या मार्गे. कथेच्या माथ्यावर तशाच चिठ्ठ्या लावलेल्या असतात, त्यांना ‘टॅग’ म्हणतात. मूळ कथेला धरून लिहिले आहे की तीच पात्रे एखाद्या कॉलेजात, एखाद्या उपाहारगृहात नेऊन बसवली आहेत, शेवट गोड आहे की कडू, मूळ लेखकाने मारलेले पात्र येथे जिवंत ठेवले आहे काय, हे सारे चिठ्ठीवर असते. ह्या चिठ्ठ्या लेखक मनाला येईल तशा शब्दांत लिहितात. एकच गोष्ट दहा जण दहा तऱ्हांनी सांगणार. तेव्हा ह्या दहा शब्दांची एकमेकांशी गाठ घालून देण्याचे काम करणारे शेकडो स्वयंसेवक तेथे आहेत. वाचकाने कोणताही एक शब्द धरला तरी त्याला सगळ्या कथा सापडाव्यात. बिनपगारी काम, आणि तेही किती किचकट! कोणत्याही ग्रंथपालाने टोपी काढावी असे.

हे वाचून काही साहित्यप्रेमी नाक मुरडतील. शेवट आधीच कळला तर कथेत उरले काय, असे ते विचारतील. मला हा आक्षेप फारसा पटत नाही. द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लावलेले आहे हे ठाऊक असूनच गावातली माणसे कीर्तनाला जातात. कृष्ण धावून येणार की नाही, ही उत्सुकता कोणालाच नसते. हे बुवा तो प्रसंग कसा उभा करतात, हे पाहायचे असते. कर्णाचे काय झाले हे मराठी वाचकाला ठाऊक नव्हते म्हणून काही शिवाजी सावंतांची 1967 सालची ‘मृत्युंजय’ एवढी वाचली गेली नाही. चाहत्यांच्या कथांचा वाचक ह्या बाबतीत आपल्या श्रोत्याचा सख्खा भाऊ शोभेल. त्याला गोष्ट माहीत असते, सांगणारा हवा असतो. जाता जाता सांगतो, त्या भांडारात महाभारताचेही एक दालन आहे. बहुतेक कथा इंग्रजीत आहेत, आणि कर्णावरच्या कथांना तेथेही तोटा नाही.

पाटी वाचून झाली की वाचक सारांशाकडे वळतो. दोनचार ओळींचा हा सारांश लेखकानेच लिहिलेला असतो. मुरलेले वाचक येथेच निम्म्या कथा गाळतात. सारांशात शुद्धलेखनाच्या चार चुका असतील तर आत चारशे असणार, हा त्यांचा हिशोब. ‘मला सारांश लिहिता येत नाही, पण कथा चांगली आहे, आत येऊन पाहा’ असे पुष्कळ नवे लेखक लिहितात. अनुभवी वाचक अशा दारातून आत जात नाही. ज्याला आपल्या कथेविषयी दोन वाक्ये लिहिता येत नाहीत, तो दोन लाख शब्द कसे सांभाळणार? हा न्याय थोडा कठोर आहे. पण बाजारात भाजी घेताना आपणही वरचे एक वांगे पाहूनच पाटी ठरवतो.

लांबी आणि पूर्णता ह्यांचा विचारही वाचक करतो. काही कथा कादंबरीएवढ्या, काही तर तीन कादंबऱ्यांएवढ्या असतात, आणि त्या प्रकरणाप्रकरणाने येतात. तिसाव्या प्रकरणाशी नायक कड्याच्या टोकाला लोंबकळत असावा आणि लेखकाची परीक्षा जवळ यावी, असे सर्रास घडते. मग ती कथा वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. म्हणून पुष्कळजण पूर्ण झालेल्या कथाच दाखवा अशी खूण करून ठेवतात. उलट काहींना चालू कथाच आवडते. पुढच्या प्रकरणाची वाट पाहण्यात, लेखकाला दोन शब्द लिहून कळवण्यात त्यांना गोडी वाटते.

आता आकड्यांकडे येतो, कारण नवशिक्या वाचकाची सर्वांत मोठी फसगत येथे होते. प्रत्येक कथेखाली किती जण येऊन गेले, किती जणांनी पसंतीची टाळी दिली, हे छापलेले असते. ह्या टाळीला ‘कुडोज’ म्हणतात. टाळ्यांच्या क्रमाने यादी लावा असे सांगितले की सर्वांत लोकप्रिय कथा वर येतात. सोपे झाले, असे वाटते. पण जरा खोलात जाऊ.

येथे फक्त टाळी आहे, निषेधाची खूण नाही. वीस जणांना आवडली आणि दोनशे जण अर्ध्यावर कंटाळून निघून गेले, तरी खाली वीस टाळ्या दिसतील. त्या दोनशेंचे मत कोठेच नोंदले जात नाही. बरे, येऊन गेलेल्यांची संख्या आणि टाळ्यांची संख्या ह्यांचे प्रमाण काढू म्हटले, तर तेही धड नाही. पस्तीस प्रकरणांच्या कथेकडे एकच वाचक प्रत्येक नव्या प्रकरणासाठी पुन्हा येतो आणि भेटींचा आकडा फुगत जातो. टाळी मात्र एका माणसाने एका कथेला एकदाच द्यायची. म्हणजे जी दीर्घ कथा वाचकांनी निष्ठेने अखेरपर्यंत वाचली, तीच ह्या प्रमाणात कमी भरते. गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी सरासरीचे आणि प्रमाणाचे उदाहरण म्हणून हे वर्गात घ्यायला हरकत नाही. मुले आनंदाने सोडवतील.

दुसरे असे की जुन्या कथेला टाळ्या जमवायला दहा वर्षे मिळालेली असतात, कालच्या कथेला एक रात्र. शिवाय यादीत जी वर आहे तीच जास्त लोकांना दिसते, म्हणून तिलाच आणखी टाळ्या मिळतात. जत्रेत ज्या दुकानापुढे गर्दी, तेथेच आणखी गर्दी. गर्दी खोटी नसते, पण शेजारच्या दुकानात काय आहे हे ती सांगत नाही.

खरे चोखंदळ वाचक म्हणून दोन गोष्टींवर भिस्त ठेवतात. एक म्हणजे पहिले पान. पात्र तोंड उघडते तेव्हा ते ओळखीचे वाटते का? स्पॉक हा भावना आवरून बोलणारा. तो पहिल्याच परिच्छेदात गळा काढून रडू लागला, तर ते नाव तेवढे स्पॉकचे. पॉला स्मिथ नावाच्या अमेरिकन बाईंनी 1973 साली एक छोटी विडंबनकथा लिहिली. तिच्यात मेरी सू नावाची एक अल्पवयीन मुलगी जहाजावर येते, सगळ्यांत हुशार ठरते, सारे तिच्यावर लुब्ध होतात आणि शेवटी ती मरते तेव्हा सारे जहाज रडते. त्या काळच्या भाबड्या कथांची ही थट्टा होती. ती इतकी नेमकी बसली की लेखकाने स्वतःलाच सर्वगुणसंपन्न करून कथेत घुसवले की त्याला आजही ‘मेरी सू’ म्हणतात. वाचकांना हे नाव मिळाले म्हणजे निवडीचे एक मापच हाती आले. तरी ह्या मापाचा अतिरेक झाला, असे मला वाटते. पंधरा वर्षांच्या मुलीने स्वतःला नायिका करून लिहिले तर तिला लगेच हिणवायचे कशाला? थोर लेखकांनीही आपल्या नायकांत स्वतःला थोडेथोडके घातलेले नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळखीच्या वाचकाची शिफारस. ज्याची आवड आपल्या आवडीशी जुळते असा एखादा वाचक हेरायचा, त्याने जपून ठेवलेल्या कथांची यादी पाहायची आणि त्या यादीतून चालत जायचे. आकडा हजार अनोळखी माणसांचा असतो, शिफारस एका माणसाची. पण तो का आवडली हे सांगतो, आणि तेथेच फरक पडतो.

शिक्षक मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ह्या भांडारात मुलांनी वाचू नये असेही पुष्कळ लेखन आहे. कथा सर्वांसाठी, किशोरांसाठी की केवळ प्रौढांसाठी, हे लेखकाने नमूद करायचे असते, आणि हिंसा किंवा लैंगिक अत्याचार असेल तर त्याची वेगळी सूचनाही असते. पण ही पाटी लेखक स्वतः लावतो, छपाईपूर्वी कोणी तपासत नाही. वाचकाचे वय विचारणारा दरवाजा असला तरी बोटाच्या एका स्पर्शाने उघडतो. शिवाय ‘श्रेणी दिलेली नाही’ आणि ‘सूचना न देण्याचे ठरवले आहे’ असे दोन पर्याय लेखकाला मोकळे असतात. ह्याचा अर्थ कथा निर्धोक आहे असा नव्हे. आत काहीही असू शकते, असा आहे. मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा हे तीन शब्द वाचायला शिकवणे अधिक उपयोगाचे. जी मुलगी पाठ्यपुस्तकातला इंग्रजी धडा दोन पाने वाचून मिटते, ती आवडत्या पात्राच्या मागे लागून अशा कथेची पन्नास पाने शब्दकोश न उघडता वाचते, हे मी माझ्या विद्यार्थिनींत पाहिले आहे. तिला कोणत्या पाटीची गाडी पकडावी हे सांगणारे कोणीतरी हवे असते.

आणि शेवटी वाचकांची एक अगदी छोटी जात राहिली. हे लोक यादी टाळ्यांच्या क्रमाने लावत नाहीत. सर्वांत नवी कथा वर येऊ देतात, आणि जिच्याखाली शून्य आहे ती उघडतात. बऱ्याच वेळा पदरी काही पडत नाही, ते मुकाट्याने पुढच्या कथेकडे जातात. एखाद्या वेळी मात्र कोणा अनोळखी मुलाने रात्री बसून लिहिलेले पानभर चांगले गद्य हाती लागते. मग ते पहिली टाळी देतात आणि खाली दोन ओळी लिहितात: अमुक वाक्य आवडले, पुढचे प्रकरण कधी?