आजीचे 555 रुपये

(विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज मला पेन्शनवर बोलायचं आहे. विषय ऐकून काहींना वाटेल, हे म्हाताऱ्यांचं काम, आपण चर्चा करावी ती फुले-आंबेडकरांच्या विचारांची. पण इथे बसलेल्यांपैकी कितीजणांची फी आजीच्या नाहीतर आईच्या पेन्शनमधून भरली गेली, ते जरा मनात मोजा. माझी गेली. मी घरातली पहिली पदवीधर, आता समाजशास्त्रात पीएचडी करते. माझ्या पहिल्या वर्षाची हॉस्टेलची फी आजीच्या पासबुकातून आली होती. ते पासबुक मी वाचायला मात्र फार उशिरा घेतलं.

माझे आजोबा केंद्र सरकारच्या एका कारखान्यात सफाई कामगार होते. 1989 मध्ये नोकरीत असतानाच वारले. आजी तेव्हा चौतीस वर्षांची, पदरात तीन लेकरं. तिला दोन गोष्टी मिळाल्या: आजोबांच्या नावची फॅमिली पेन्शन, महिना 375 रुपये, आणि 1990 मध्ये अनुकंपा तत्त्वावर नोकरी. नोकरी कोणती? आजोबांचीच. तोच झाडू, तीच शेड.

पुढचं समजून घ्यायला एक फरक लक्षात ठेवा. कामावर असलेल्याच्या पगारावर मिळतो तो महागाई भत्ता, डीए. पेन्शनवर मिळते ती महागाई सवलत, डीआर. पेन्शनचा मूळ आकडा वर्षानुवर्षं तोच राहतो, बाजारभाव तर राहत नाहीत. म्हणून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, हा दर वाढवतात. डीआर काढला तर पेन्शन कागदावर तेवढीच दिसते, पण तिच्यात येणारं धान्य दरवर्षी कमी होत जातं.

आजीला नोकरी लागली आणि फॅमिली पेन्शनवरचा डीआर बंद झाला. नियम तसाच होता. बँकेने मात्र दीड वर्ष तो चुकून चालू ठेवला. चूक लक्षात आल्यावर वसुली निघाली, महिना 50 रुपये. आजी सांगते, ‘साहेब म्हणाले, बाई, तुम्ही सरकारचे पैसे जास्तीचे खाल्ले.’ ‘खाल्ले’ हा शब्द तिला आजही टोचतो.

आता हिशोब बघा. 1996 च्या सुरुवातीला महागाईचा दर होता 148 टक्के. 375 चे 148 टक्के म्हणजे 555 रुपये. आजीच्या हातात येत होते 375, आणि दरमहा जात होते 555. मिळणाऱ्या पेन्शनपेक्षा न मिळणारी रक्कम मोठी!

सरकारचं म्हणणं काय होतं? बाईला पगारावर डीए मिळतो, मग पेन्शनवर पुन्हा महागाई कशाला? या प्रश्नावर देशभरातून प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. पुन्हा नोकरीला लागलेले माजी सैनिक होते, आणि नोकरी करणाऱ्या विधवाही होत्या. डिसेंबर 1994 मध्ये जी. वासुदेवन पिल्लै प्रकरणात न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. नोकरी करणाऱ्या वारसाला पगारावर डीए मिळतोच, म्हणून फॅमिली पेन्शनवरचा डीआर नाकारणं योग्य आहे, असं ठरलं.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला राग आला, पण आधी गोंधळच उडाला. युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. एका घराला महागाई एकदाच लागते ना? तुमच्यापैकीही कोणी विचारेल, ज्यांना काहीच मिळत नाही त्यांचं काय?

याचं उत्तर मला आजीनेच दिलं. ती म्हणाली, ‘पगार माझ्या झाडण्याचा. पेन्शन त्यांच्या झाडण्याची. दोघांनी झाडलं ना?’ माझ्या मते यापेक्षा नेमकं कोणी मांडलेलं नाही. पगार हा तिच्या श्रमाचा मोबदला. फॅमिली पेन्शन हा आजोबांच्या श्रमाचा, मागे ठेवलेला मोबदला. एका श्रमाची महागाई भरून दिली म्हणून दुसऱ्या श्रमाची झीज थांबत नाही. राहिली गोष्ट ज्यांना काहीच मिळत नाही त्यांची. त्यांना आजीचे 555 रुपये कापून काही मिळालं नाही. ते पैसे सरकारकडेच राहिले.

आणि हे मोठ्या न्यायालयाने आधीच मान्य केलं होतं. 1971 मध्ये देवकीनंदन प्रसाद प्रकरणात ठरलं, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. 17 डिसेंबर 1982 ला नाकरा प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तेच ठामपणे सांगितलं आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये केलेला भेद रद्द केला. 1985 मध्ये पूनामल प्रकरणात विधवा स्वतः उभ्या राहिल्या. फॅमिली पेन्शन योजना 1964 ची, त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या विधवांना ती नाकारली जात होती. त्यांनाही ती मिळाली. नाकरा आणि पूनामल, दोन्ही याचिका कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या. बाबासाहेबांनी ज्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटलं, ते हेच. आपण ते भाषणांत उद्धृत करतो. त्या बायकांनी ते वापरलं.

मग आजीचं काय झालं? कोर्टात हरलेली गोष्ट पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर बदलली. जुलै 1999 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला, की नोकरी करणाऱ्या फॅमिली पेन्शनरांनाही डीआर मिळेल, 18 जुलै 1997 पासून. निकाल विरोधात गेला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे यातून शिकण्यासारखं आहे. पण आजीला हे कळलं 2001 मध्ये. युनियनमधल्या एका काकांनी सांगितलं, ‘वहिनी, अर्ज द्या.’ थकबाकी आली ती 1997 पासूनची. 1990 ते 1997 ची सात वर्षं गेली ती गेलीच.

आणि ती वसुली? डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सांगितलं, की चुकून जास्त दिलेले पैसे तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून वसूल करता येणार नाहीत. निकालाच्या नावात कंसात लिहिलंय ‘व्हाइट वॉशर’. भिंती रंगवणाऱ्या माणसाचं नाव आज देशभरातले वकील घेतात. आजीचे पैसे त्याच्या वीस वर्षं आधीच कापून झाले होते.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला आजीच्या फायलीतले शब्द दिसतात. अनुकंपा. सवलत. मंजुरी. सगळे देणाऱ्याच्या तोंडचे शब्द. घेणाऱ्याचा, म्हणजे हक्काचा, शब्द एकही नाही. जातीचा झाडू नवऱ्याच्या हातून बायकोच्या हाती द्यायला व्यवस्थेला काही महिने पुरले. त्याच नवऱ्याच्या कमाईची महागाई द्यायला तिला सात वर्षांचे पैसे गिळावे लागले.

आजचं चित्र बघा. केंद्राची किमान फॅमिली पेन्शन 9000 रुपये. जानेवारी 2025 मध्ये दर होता 55 टक्के, म्हणजे 4950 रुपये. एका विद्यार्थ्याचा खोली आणि मेसचा खर्च यात निघू शकतो. पण 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नागरी नोकरीत आलेल्यांना नवी पेन्शन योजना लागली. तिच्यातून विकत घेतलेल्या ॲन्युइटीवर डीआर नाही. आणि आपली माणसं ज्या सफाईच्या कामात आहेत, ते काम आता ठेक्यावर गेलंय. ठेकेदाराने पीएफ भरला असेल तर विधवेला ईपीएस-95 ची पेन्शन मिळते, किमान 1000 रुपये. हा आकडा 2014 मध्ये ठरला. त्यावरही महागाई मिळत नाही. आजीला जे उशिरा मिळालं, ते पुढच्या अनेक बायकांना मिळणारच नाही अशी सोय झाली आहे.

म्हणून एक काम सांगते. या सुट्टीत घरी गेलात की आईची, आजीची, शेजारच्या मावशीची पेन्शन ऑर्डर, म्हणजे पीपीओ, आणि पासबुक मागून घ्या. मूळ पेन्शन किती, डीआर कोणत्या दराने, कधीपासून, कुठली कपात आहे का, ते कागदावर मांडा. राज्य सरकार, महामंडळ, महापालिका यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते शोधून वाचा. कमी दिसलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे, पेन्शनरांच्या संघटना आहेत, कोर्ट आहे.

आजीला काकांनी सांगितलं तेव्हा आदेश निघून दोन वर्षं झाली होती. घरात तो वाचणारं कोणी नव्हतं. आता आपण आहोत.

जय भीम.