देवकुंडची वाट पावसानंतरची

रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावातून जंगलवाटेने देवकुंड धबधब्याला जायचं, तर पाऊस ओसरल्यावरच जावं, असं मी आग्रहाने म्हणेन. त्याचं कारण देवकुंडच्या दरीच्या भूगोलातच आहे. माथ्यावरच्या ताम्हिणी परिसरात जुलै २०२४मध्ये एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. कातळावर मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी फारसं मुरत नाही. ओढ्यांतून थेट अरुंद घळीत उतरतं. म्हणून खाली उघडीप असतानाही वाटेतला ओढा बघता बघता फुगतो आणि परतीची वाट बंद होते. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं अशाच लोंढ्यात वाहून गेली.

कोणी म्हणेल, धबधब्याचं खरं रूप पावसातच दिसतं. रौद्र रूप दिसतं, हे खरं. पण त्या गढूळ पाण्यात कुंडाची शोभा हरवते. पावसाळा सरल्यावरही धार वाहती असते आणि कुंडाचं पाणी निळंहिरवं, नितळ होतं. गावातल्या वाटाड्यांच्या रोजगाराचं काय, हा प्रश्नही रास्त आहे. त्याचं उत्तर हंगाम हिवाळ्याकडे सरकवण्यात आहे. वाटाड्या तेव्हाही सोबत घ्यावाच. पाणी अचानक गढूळलं, त्यात काटक्या, पालापाचोळा दिसू लागला, की सामान सोडून आधी उंचावर चढा. कुंडात उतरू नका. खोलीचा अंदाज येत नाही आणि वरून दगडही येतात. दरीचं वेळापत्रक पाळतो, तोच जाणता भटक्या.