अणुकेंद्रातले जू



बैलांच्या मानेवरचे जू तुम्ही रोज पाहता. ते दोन बैलांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नाही, आणि फार जवळही येऊ देत नाही. अणूच्या केंद्रातही असेच एक जू आहे. तिथे प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सगळे धनविद्युत्-भाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. मग केंद्र फुटत का नाही? कारण त्यांना बांधणारे, विजेहून जबर असे एक बल तिथे असते. पण त्याची धाव किती? एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग करा; त्यांतल्या दोन-तीन भागांपुरतीच! त्यापलीकडे ते जवळजवळ संपते. आणि कण अर्ध्या भागाहून जवळ आले, की तेच बल त्यांना मागे लोटते.

हे बल एक कण वाहून नेत असावा, असे जपानचे युकावा यांनी १९३५ साली मांडले. तो कण १९४७ साली विश्वकिरणांत सापडला. अशा कणांना ‘मेसॉन’ म्हणावे ही सूचना आपल्या होमी भाभांची, १९३९ सालची.

आता प्रोटॉनमधले बल मोजणे त्या मानाने सोपे. एकावर दुसरा आपटायचा आणि तो कुठे वळतो ते पाहायचे. पण प्रोटॉनचे काही भाऊबंद आहेत, त्यांना हायपेरॉन म्हणतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाइतकेही नाही. नेम धरेपर्यंत बिचारे संपलेले! ‘यांच्यातले बल प्रयोगाने नीट मोजणे अशक्यच,’ असे मीच वर्गात पुष्कळ वर्षे सांगत आलो. ते आता मला मागे घ्यावे लागते आहे. कसे, ते ऐका.

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सरहद्दीवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर सत्तावीस किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. त्यात समोरासमोरून धावणाऱ्या प्रोटॉनांची टक्कर घडवतात. टकरीतून नवे कण उसळतात, त्यांत हायपेरॉनही असतात. ते जन्मतात ते प्रोटॉनच्या अगदी शेजारी, त्या बलाच्या टप्प्यातच. मग नेम धरायचा कशाला?

समजा, जत्रेहून माणसे परतताहेत. कोण कुणाच्या नात्यातले, ते आपल्याला ठाऊक नाही. पण बरोबरीने, एका चालीने जाणाऱ्या जोड्या मोजल्या. मग या वर्षीचा एक माणूस आणि मागच्या वर्षीचा एक अशा कागदोपत्री जोड्या लावल्या; यांची गाठ पडलेलीच नाही. या जोड्यांपेक्षा खऱ्या एका चालीच्या जोड्या जास्त निघाल्या तर ओढ आहे. कमी निघाल्या तर दुरावा. शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. एका टकरीतला प्रोटॉन आणि दुसऱ्याच टकरीतला हायपेरॉन यांची जोडी लावून तुलना करतात.

‘अ‍ॅलिस’ नावाच्या प्रयोगाने २०२० साली प्रोटॉन आणि ओमेगा हा हायपेरॉन यांच्या जोड्या अशा मोजल्या. ओमेगाचा भार ऋण, म्हणून विजेची ओढ होतीच. पण निव्वळ तिच्यामुळे जुळतील त्याहून जास्त जोड्या निघाल्या. म्हणजे अणुकेंद्रातल्या बलाचीही ओढ आहे! या प्रयोगाच्या उपकरणांत कलकत्त्याच्या शास्त्रज्ञांचाही हातभार आहे, बरं का.

‘गुरुजी, याचा उपयोग काय?’ असे मुले विचारतील. त्यांना आकाशाकडे बोट दाखवा. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान, एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेले. त्याच्या पोटात हायपेरॉन तयार होत असावेत. ते झाले तर तारा मऊ पडून स्वतःच्याच भाराने ढासळायला हवा. पण सूर्याच्या दुप्पट वजनाचा असा तारा २०१० साली मोजला गेला, आणि तो तर उभा आहे! त्याला कोण तोलून धरते, याचे उत्तर या इवल्या बलांतच शोधावे लागेल.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात ‘अशक्य’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी थोडे थांबा. ‘अजून जमलेले नाही’ एवढेच म्हणा. मी तसे म्हणायला आता शिकतो आहे.