चौघांचा डबा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यात असे पुष्कळ आहेत ज्यांनी कोविडमध्ये शाळेचं एक अख्खं वर्ष फोनच्या पडद्यावर काढलं. घरात फोन एक आणि भावंडं दोन. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर, नाहीतर शेताच्या बांधावर बसून तास ऐकलेले. ते वर्ष पार करून तुम्ही इथवर आलात. आज फोनबद्दल बोलताना मी हे विसरणार नाही, कारण तुमच्या हातात फोन आला तो चैन म्हणून नव्हे, तर शाळा म्हणून.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. तीस वर्षं जिल्ह्याच्या गावी दवाखाना चालवतो. आज तुम्हाला एका मुलाची गोष्ट सांगायची आहे. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, बाकी सारं तसंच आहे.

मुलगा आमच्याच तालुक्यातला, पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करणारा. दिवाळीला घरी आला तेव्हा आई त्याला घेऊन आली. डोळे ओढलेले, वजन उतरलेलं. पेठेत कॉट बेसिसवर चौघं एका खोलीत. दिवसभर अभ्यासिका, रात्री मेस. नोट्स टेलिग्रामवर, चालू घडामोडी टेलिग्रामवर, परीक्षा पुढे गेल्याची अफवाही तिथेच. फोन बंद ठेवावा तर काहीतरी सुटेल ही धास्ती. रात्री एक वाजता पाच मिनिटं म्हणून रील्स उघडायचा, घड्याळात बघायचा तेव्हा तीन वाजलेले असायचे. इन्स्टाग्राम त्याने सात वेळा काढून टाकलं होतं आणि सातही वेळा परत घेतलं होतं. आई बाहेर गेल्यावर म्हणाला, "सर, माझ्यात इच्छाशक्तीच नाही."

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. शेतकऱ्याच्या मुलाकडून ऐकतो, बँकेतल्या बाईंकडून ऐकतो, निवृत्त मुख्याध्यापकांकडूनही ऐकलं आहे. आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

लग्नाच्या पंगतीत आपण बसतो. वाढपी जिलेबी घेऊन येतो, आग्रह करतो. पण पानावर आडवा हात धरला की तो पुढच्या पानाकडे जातो. आग्रह करणाऱ्यालाही पोट भरल्याची खूण कळते. इंटरनेटवरही एके काळी अशी खूण होती. पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं आणि त्या क्षणी माणूस उठूही शकायचा. 2006 साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणारं पान तयार केलं. बोट सरकवत राहा, खालून नवं येत राहील. लोकांची सोय व्हावी एवढाच त्याचा हेतू होता. पुढे त्यानेच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आता वाढपी आडवा हात बघतच नाही.

शिवाय येणारी प्रत्येक गोष्ट गोड असते असंही नाही. दहा रील्स कंटाळवाण्या, अकरावी हसवणारी. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग तुमच्यातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला की कबूतर जास्त चिकाटीने चोच मारत राहतं. जगातले हुशार अभियंते पगार घेऊन ज्या गोष्टीची रचना करतात, तिच्यासमोर रात्री एक वाजता, थकलेल्या मेंदूने, एकटा बसलेला बावीस वर्षांचा मुलगा हरतो. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

पण म्हणून फोनला सैतान ठरवायलाही मी तयार नाही. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी 2019 साली साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त 0.4 टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता आला. एवढा लहान आकडा पाहून अनेक पालक बुचकळ्यात पडतात. मला त्यातून वेगळंच कळतं. सरासरीत सगळे एकत्र मिसळतात. ज्याला फोनने बुडवलं तो, आणि ज्याला फोनने तारलं तोही.

तारलेले मी पाहिले आहेत. आमच्या एसटी स्टँडवर एकदा गाडीची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर एक तरुण बसला होता. त्याने जेवणाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि दोन्ही हातांनी भराभर खुणा करत होता. पडद्यावर एक मुलगी तशाच खुणा करत होती. दोघंही बहिरे. मध्येच गाडी लागली, गर्दीचा धक्का बसून फोन आडवा झाला. त्याने तो उचलून पुन्हा टेकवला, हाताने "थांब" अशी खूण केली आणि हसला. साध्या फोनवर त्या दोघांना एकमेकांशी एवढं बोलता आलं नसतं. त्या मुलाला मी स्क्रीन टाइम कमी कर असं कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून दवाखान्यात मी तास मोजत नाही. "रात्री फोन कुठे असतो?" हा माझा पहिला प्रश्न. उशीखाली असेल तर पुढचं बरंचसं मला न विचारता कळतं. फोन किती वेळ हातात होता यापेक्षा त्याने काय ढकलून दिलं, हे महत्त्वाचं. झोप गेली की चिडचिड येते, चिडचिडीतून भांडण, भांडणातून एकटेपणा, आणि एकटेपणात पुन्हा फोन. हे चक्र तोडायचं तर झोपेपाशी तोडावं लागतं. बाकी ठिकाणी फार कष्ट पडतात.

'व्यसन' हा शब्दही जपून वापरा, अशी माझी विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून गेमिंगचा विकार आहे, पण त्याचे निकष कडक आहेत. अभ्यास, नोकरी, नाती कोसळलेली असावी लागतात आणि सहसा ते वर्षभर चाललेलं असावं लागतं. असे रुग्ण असतात, त्यांना उपचार लागतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून त्यासाठी वेगळा दवाखाना आहे. पण रील्स बघून उशिरा झोपणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी म्हणून हिणवलं, तर तो आपल्याशी बोलायचं थांबतो. फोन हिसकावून आपटल्याने मूल बरं झालं, असं एकही उदाहरण मी पाहिलेलं नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई समोर बसल्या होत्या. तिसरी भेट. त्या सावकाश बोलत होत्या, काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला आणि मी नजर खाली नेली. दोन सेकंद असेल. वर पाहिलं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला होता आणि त्या म्हणाल्या, "बाकी काही नाही, गोळ्याच लिहून द्या." त्या पुन्हा आल्या तेव्हा तीन महिने उलटले होते आणि त्या तीन महिन्यांत घरी पुष्कळ काही सोसून झालं होतं. त्या दिवसापासून माझा फोन बाहेर कंपाउंडरकडे असतो. तो माझ्याजवळ ठेवून मोह आवरेन, अशी प्रतिज्ञा मी केली नाही. तो दुसऱ्याच्या हाती दिला.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. एकट्याचा निश्चय टिकत नाही, दोघाचौघांनी ठरवलेली वेळ टिकते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. कोविडमध्ये मुलांच्या हाती फोन आले आणि शाळा उघडल्या तरी सुटेनात. गावाने ठरवलं आणि 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. 8.30 ला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावावं. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावत राहिले. कुठलाही कायदा नव्हता.

या दीड तासात फोन वाईट ठरवलेला नाही, हे मला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. फक्त वेळ ठरवली आहे आणि ती सर्वांना सारखी आहे. शेजारच्या घरात मालिका चालू असताना आपल्या पोराला पुस्तक धरायला लावणं अवघड. अख्खी आळी शांत असेल तर पोराला काही सुटल्यासारखं वाटत नाही. शिवाय भोंगा वाजल्यावर फोन बापालाही ठेवावा लागतो, आणि मुलं सर्वांत आधी तेच बघतात.

तुमच्यापैकी बहुतेक जण आता नोकरीला लागाल. तिथे भोंगा वाजत नाही. रात्री साडेदहाला साहेबांचा मेसेज येतो, निळ्या टिक दिसतात आणि उत्तर दिलं नाही तर सकाळी त्याबद्दल विचारलं जातं. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी लोकसभेत 2018 साली खासगी विधेयक मांडलं आणि 2025 साली पुन्हा मांडलं. कायदा होईल तेव्हा होईल. पण तुमच्यातले काही पाच-सात वर्षांत स्वतः साहेब होणार आहेत. रात्री सुचलेला मेसेज लिहून ठेवायचा आणि सकाळी नऊला पाठवायचा, ही सोय आजच्या ईमेलमध्ये आहे. ती वापरणारा साहेब मी आयुष्यात फार कमी पाहिला.

संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मी वेगळं काही सांगणार आहे. उद्या तुमच्या टेबलावर एखादं ॲप येईल. लोक त्यात किती मिनिटं जास्त राहिले, यावर तुमचं काम मोजलं जाईल. त्या बैठकीत कोणीतरी विचारायला हवं की माणसाला थांबायची खूण कुठे दिली आहे. तुम्ही नवखे असाल, आवाज कापेल. तरी विचारा. अझा रास्किनला हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता, तर कदाचित माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी असती.

शिक्षक होणाऱ्यांना आणि परिचारिका होणाऱ्यांना एक नंबर सांगतो, 14416. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही. वर्गातला एखादा मुलगा गप्प झाला, सारखा झोपाळलेला दिसला, तर ओरडण्याआधी त्याच्याशेजारी बसा. मग गरज वाटली तर हा नंबर द्या, आणि शक्य असेल तर तुमच्यासमोर लावून द्या. नुसता हातात दिलेला कागद खिशातच राहतो.

त्या एमपीएससीच्या मुलाचं काय झालं, ते राहिलं. मी त्याला इन्स्टाग्राम आठव्यांदा काढायला सांगितलं नाही. खोलीतल्या बाकी तिघांशी बोल, एवढंच सांगितलं. त्यांनाही झोप येत नव्हती, फक्त कोणी कोणाला बोललं नव्हतं. चौघांनी घरून फराळाचा आलेला पत्र्याचा रिकामा डबा घेतला. रात्री अकराला चारही फोन त्यात, झाकण घट्ट, डबा कपाटावर. उठवायला एक गजराचं घड्याळ आणलं. महिन्याने तो आला तेव्हा चेहरा उतरलेला नव्हता. मी विचारलं, मध्येच उठून फोन घ्यावासा नाही वाटला? म्हणाला, "वाटला ना, सर. पण त्या झाकणाचा आवाज होतो. तिघं जागे होतात."

गेल्या महिन्यात तो पुन्हा भेटला. खोलीतले दोघं नोकरीला लागून गेले आहेत, त्यांच्या जागी नवी दोन मुलं आली आहेत. पहिल्या रात्री अकराला याने कपाटावरून डबा काढला, तेव्हा नव्या मुलाने विचारलं, यात काय आहे? याने काही समजावलं नाही. झाकण उघडलं, आपला फोन आत ठेवला आणि डबा त्याच्यापुढे धरला.