न्याहारीचे ताट : थालीपीठ आणि सर्वपिंडी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन महसुली मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. भैंसा हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात आले. २०१४ साली ते तेलंगणात गेले आणि २०१६ पासून ते नव्या निर्मल जिल्ह्यात मोडते. जिल्हा बदलला, राज्य दोनदा बदलले. परंतु गावात मराठी आणि तेलुगू घरे पूर्वीप्रमाणेच भिंतीला भिंत लावून नांदत आहेत. अशा दोन शेजारघरांतील सकाळच्या खाण्याचा हा विचार आहे.

मराठी घरात थालीपीठ होते, तेलुगू घरात सर्वपिंडी. तेलंगणाच्या काही भागांत सर्वपिंडीला गिन्नप्पा असेही म्हणतात, कारण ती गिन्ने म्हणजे खोलगट भांडे घेऊन त्याच्या आतल्या बाजूस थापली जाते. दोन्ही पदार्थ गार भांड्यावर ओल्या हाताने थापावयाचे, बोटाने भोके पाडावयाची, भोकांत तेल सोडावयाचे आणि वर झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस होऊ द्यावयाचे. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात जे काम भट्टी करते, ते येथे झाकण आणि मंद विस्तव मिळून करतात. धान्य आणि डाळ यांची एकाच घासात गाठ घालून देणे, हाही दोघांचा समान गुण आहे. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे.

आज पुष्कळ घरांतून ही न्याहारी मागे पडली आहे. मूल उठते, चहात चार बिस्किटे बुडविते आणि दप्तर घेऊन निघते. दुसऱ्या तासाला त्याची मान खाली जाते, फळ्यावरील अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे राहतात पण डोक्यात शिरत नाहीत. शिक्षक त्याला आळशी म्हणतो. पुष्कळदा ते मूल आळशी नसते, उपाशी असते. एक कप चहातील दूध आणि चार बिस्किटे मिळून तीन-चार ग्रॅमपेक्षा अधिक प्रथिने पोटात जात नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात, तर मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेले प्रमाण आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला पन्नास ग्रॅम. अर्धा दिवस जवळजवळ कोरडा गेल्यावर उरलेल्या दोन जेवणांवर हा सगळा भार पडतो.

प्रथिने म्हणजे शरीराची बांधणी करणारे द्रव्य. ती अनेक घटकांची बनलेली असतात आणि त्यांतील काही घटक शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळावे लागतात. ज्वारी, तांदूळ, गहू यांत लायसीन नावाचा घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. उलट डाळींत मेथिओनीन हा घटक कमी पडतो, तो धान्यात आणि विशेषतः तिळात चांगला असतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोणा आजीने हे नाव ऐकले नसेल. परंतु भाजणीत डाळी आणि थालीपीठावर तीळ घालताना तिचा हात योग्य ठिकाणी जात होता.

एकाच धान्यावर भिस्त ठेवल्यास काय होते, याचे उदाहरण ह्याच दख्खनच्या पठारावर सापडले आहे. ज्वारी खाऊन राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळतो, याकडे हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली वैद्यक जगताचे लक्ष वेधले. त्वचा काळवंडून सोलते, तोंड येते, मन खचते. तो रोग मुख्यतः एका जीवनसत्त्वाच्या अभावाचा आहे.  ज्वारीला सोबत न मिळणे हा दोष आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. भाजणी एकदाच करून ठेवावी. ज्वारी अर्धा किलो, हरभऱ्याची डाळ २०० ग्रॅम, उडदाची डाळ १०० ग्रॅम, मुगाची डाळ १०० ग्रॅम आणि सोयाबीन १०० ग्रॅम घ्यावे. सोयाबीन कच्चे कधीही दळू नये. कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून सोयाबीन वीस-पंचवीस मिनिटे पाण्यात उकळून, टरफले चोळून काढून, कडक उन्हात वाळवावे आणि मगच भाजावे. बाकीची धान्ये निरनिराळी, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजावीत. शेवटी मूठभर धने आणि थोडे जिरे भाजून मिसळावे व सर्व दळून आणावे.

नुसत्या ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ह्या भाजणीत ती सतराच्या घरात जातात. सकाळी माणशी शंभर ग्रॅम भाजणी घ्यावी. तीत बारीक चिरलेला कांदा, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, हळद, तिखट, मीठ, ओवा आणि तीळ घालून कोमट पाण्यात सैलसर भिजवावी. दोन थालीपिठे होतात. झाकण ठेवून एक बाजू पाच-सहा मिनिटे होऊ द्यावी, मग उलटावी. सोबत वाटीभर दही आणि शेंगदाण्याची थोडी चटणी घेतल्यास मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ अर्धा वाटा न्याहारीतच मिळतो. मुलाला एक थालीपीठ आणि थोडे दही दिले तरी त्याचा तिसरा हिस्सा पुरा होतो.

सर्वपिंडीत तांदळाचे पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, भरडलेले शेंगदाणे, तीळ, कांदा, हिरवी मिरची आणि कढीलिंब असतो. तांदळात प्रथिने कमी, म्हणून डाळ व दाणे सढळ हाताने घालावेत. तांदळाच्या पिठाचा अर्धा भाग ज्वारीच्या पिठाने भरून काढला तरी चव बिघडत नाही. सर्वपिंडी उलटत नाहीत. खालची बाजू तांबूस झाली की ती सुटून येते.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. भैंशाच्या एखाद्या गल्लीत असा संवाद सहज कानी पडावा :

"सकाळी सातला शाळेची गाडी येते, अक्का. तवा तापलेला, त्यावर दुसरं थापायचं कसं?"

"दोन गिन्ने ठेवा, वहिनी. एक विस्तवावर असेल तेव्हा दुसऱ्याला पालथं घालून वर पाणी ओतायचं. गार झालं की थापायचं."

एवढ्या युक्तीने निम्मा वेळ वाचतो. कांदा-कोथिंबीर रात्री चिरून ठेवली, तर उरलेल्यातीलही थोडा वाचतो. घरातील पुरुषमंडळींनी चिरण्याचे काम पत्करले, तर तक्रारीला जागाच उरत नाही.

प्रथिनांच्या नावाने जगात मोठा गाजावाजा होऊन गेला आहे. १९६०च्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरी प्रथिनांचे अरिष्ट ओढवणार असे इशारे दिले जात होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतीय माणूस धान्य आणि डाळी पोटभर खाईल तर प्रथिनांची तूट बहुतांशी आपोआप भरून निघेल. खरी उणीव पोटभर अन्नाची आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. डॉ. गोपालन यांचेही मत त्याच दिशेचे होते. आज प्रथिनांच्या भुकटीचे डबे दुकानांतून मांडलेले दिसतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आपल्या मार्गदर्शनात अशा भुकट्या टाळाव्यात असेच सांगितले आहे. मात्र ज्याचे मूत्रपिंड दुखावलेले आहे, त्याने डाळींचे प्रमाणही वैद्याला विचारूनच ठरवावे.

पोटभर अन्न हा शब्द मात्र विसरता कामा नये. भैंशाच्या परिसरातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तूर पिकते, सोयाबीन पिकते. कापूस खाता येत नाही, तो बाजारात जायचाच. परंतु तूर आणि सोयाबीनही पोत्यांत भरून तशीच बाजारात जावीत, आणि ज्याच्या शेतात ती पिकली त्याच्या मुलाने चहा-बिस्किटांवर शाळेला निघावे, ही गोष्ट मनाला लागण्यासारखी आहे. कर्ज असते, हप्ता असतो, पैसा हवा असतो. त्यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. तथापि पोत्याचे तोंड शिवण्यापूर्वी त्यातील दोन पायल्या धान्य काढून घरच्या कणगीत ठेवावे, एवढे तर जवळपास प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. ते भाजणीला उपयोगी पडते. मग घर मराठी असो की तेलुगू, तव्यावर थालीपीठ असो की गिन्नेत सर्वपिंडी, शाळेच्या दुसऱ्या तासाला त्या घरच्या मुलाची मान ताठ राहील.