डॉक्टरांपासून लपविलेली पुडी
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



मंगलप्रसंगी दुखण्याचा विषय काढतो, याची क्षमा असावी. परंतु आपल्या निधीकडे औषधपाण्यासाठी येणाऱ्यांत जुनाट दुखण्याची माणसेच अधिक असतात.

आपल्या भोपाळास तर हे दुःख नवे नाही. १९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना धाप, डोळ्यांचे विकार आणि थकवा जन्माचे सोबती झाले. वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही उतार पडेना, तेव्हा अशा माणसाने वैद्य-हकिमाचे दार ठोठावले, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

धोका वैद्याकडे जाण्यात नाही, लपविण्यात आहे. माझ्या आत्याला मधुमेह होता. कोणीसे ‘रोग मुळापासून जाईल’ म्हणून पुड्या दिल्या, आणि तिने गुपचूप इन्शुलिन बंद केले. तिच्या पिशवीतील पुडी मी पाहिली होती. हसून सोडून दिली. तिसऱ्या आठवड्यात तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली. पुढे मी विचारले, “आत्या, डॉक्टरांना का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “अरे, डॉक्टर रागावतात. पुडीवाले निदान माझे सगळे ऐकून तरी घेत होते.” हे उत्तर मी विसरू शकलो नाही.

१९९६ साली गॅसपीडितांसाठी येथे संभावना ट्रस्टचा दवाखाना निघाला. त्याने आधुनिक उपचार, आयुर्वेद, पंचकर्म आणि योग एका छपराखाली आणले; औषधी वनस्पतींची बागही लावली. मला त्यातील मोठेपणा हा वाटतो, की तेथे रोग्याला एकापासून दुसरे लपवावे लागू नये.

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हाही भ्रमच. २००४ साली अमेरिकेत बोस्टन भागातील दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. मधुमेह बरा करण्याच्या जाहिराती तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध केल्या आहेत.

म्हणून माझी विनंती थोडकीच आहे. चालू औषध डॉक्टरांस विचारल्यावाचून सोडू नका. दुसरे काही घेत असाल, तर ती पुडी त्यांच्यापुढे ठेवा. वैद्यालाही चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. घरच्यांनी रागावू नये, आणि माझ्यासारखे हसूही नये. विश्वस्तांनी मदतीच्या अर्जात एक ओळ वाढवावी: ‘आणखी कोणते औषध घेता?’ आणि उत्तर ऐकावयास एक माणूस स्वस्थपणे बसवावा. त्यास पैसा फारसा लागणार नाही. वेळ मात्र लागेल.

तो वेळ आपण द्यावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.