जहाजाचे नाव आणि जहाजाचा क्रमांक

मुरगाव बंदरात आलेल्या मालवाहू जहाजाकडे पाहावे. नाळेच्या दोन्ही अंगांस त्याचे नाव दिसते. पिछाडीस नावासोबत नोंदणीचे बंदरही लिहिलेले असते. परंतु मालक बदलला, की बहुधा नाव बदलते. निशाण बदलले, की बंदरही बदलते. मग खलाशांचे वेतन बुडवून त्यांना परक्या बंदरात टाकून देणाऱ्या मालकाचा माग काढावा कसा?

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ साली स्वीकारलेली सात अंकी क्रमांकाची योजना येथे उपयोगी पडते. १९९६ पासून निदान १०० टनभाराची उतारू व ३०० टनभाराची मालवाहू जहाजे परदेशी फेऱ्या करीत असतील, तर त्यांना हा क्रमांक सक्तीचा झाला. नाव, निशाण, मालक बदलोत. जहाज मोडीत निघेपर्यंत क्रमांक तोच राहतो. पहिल्या सहा अंकांस अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज करावी. बेरजेचा अखेरचा अंक हाच सातवा अंक. चुकीचा क्रमांक असा बहुधा उघडा पडतो.

२००४ साली आणखी एक नियम अमलात आला. क्रमांक जहाजावर कायमचा कोरावा किंवा उठावाने घडवावा. बाहेरील अंक निदान २० सेंटिमीटर उंच असावेत. आतही तो असावा.

केवळ क्रमांकाने न्याय मिळत नाही, हे खरे. परंतु रंगाचा एक हात फिरताच नाव लोपते. कोरलेला अंक सहजी लोपत नाही. निराधार खलाशाच्या गाऱ्हाण्याला निदान तेवढा धागा उरतो.